दर गुरुवारचा संत

चौदाव्या फोटोपाशी आर्गिरोचं बोट थबकलं, कारण त्या फोटोत संतांची तसबीर होती. आणि संतांची तसबीर तर तिच्या घरात, बोळातल्या भिंतीवर होती.

दुपारचे तीन वाजून गेले होते. अथेन्सच्या कीप्सेली भागातल्या त्या पाचमजली इमारतीत तीन ते साडेपाच कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नाही. सरकवलीच तर खालच्या मजल्यावरून सासूबाई झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात. गॅलरीवरचा जाड कापडी पडदा खाली ओढलेला होता, त्यामुळे स्वयंपाकघरात हिरवट, विहिरीच्या तळासारखा उजेड होता. आतल्या खोलीत पांदेलिस झोपला होता, तीन वर्षं तीन महिन्यांचा. त्याचा श्वास तिला इथवर ऐकू येत होता. म्हणजे इतक्या अंतरावरून तो कुणालाच ऐकू आला नसता, पण तिला यायचा. लेफ्तेरिसनं, तिच्या नवऱ्यानं, बारा वाजता कामावरून रिसॉर्टची लिंक पाठवली होती. मे महिना म्हणजे अथेन्समधल्या एकूणएक एसीला त्याची आठवण व्हायचे दिवस. कुठल्यातरी तापलेल्या गच्चीवर उकिडवं बसून त्यानं टाइप केलं होतं: ‘जुलैत चार दिवस. खोलीतून उतरलं की वाळू. पोरासाठी उथळ पाणी. सवलत आज सहापर्यंतच. बघ आणि फक्त हो म्हण.’ शेवटी एक हसरा चेहरा. तो हसरा चेहरा कशासाठी, ते तिला नवव्या फोटोपाशी कळलं होतं. टॉवेलांचे घडी घातलेले हंस, न्याहारीच्या टेबलावरची कापलेली कलिंगडं, निळ्या तलावाशेजारी निळा समुद्र, हे सगळं मागे टाकत ती पुढे गेली आणि एका फोटोत पाठीमागचा डोंगर दिसला, बसलेल्या उंटाच्या पाठीसारखा. तो डोंगर तिनं चौथीपर्यंत चित्रकलेच्या प्रत्येक वहीत काढला होता. ती अल्मिराची खाडी होती. तिची खाडी. नवऱ्यानं तिला तिच्याच गावाची सुट्टी भेट द्यायची ठरवली होती. इथवर ती हसलीच होती, थोडी चिडून का होईना.

आणि मग चौदावा फोटो. वर ठळक अक्षरांत ‘अनुभव’ लिहिलेलं. खाली: ‘बेटावरची खरीखुरी जत्रा. दर गुरुवारी, सूर्यास्ताला, प्राचीन चर्चमध्ये. फक्त आमच्या पाहुण्यांसाठी.’ गवती हॅट घातलेली एक बाई, हातात वाइनचा ग्लास, कमरेत वाकून तसबिरीकडे बघत होती. चौरंगासारखा लाकडी ठोकळा ओळखीचा होता, भिंतीवरचा ओलीचा नकाशा ओळखीचा होता, आणि तसबीर तर अशी ओळखीची की तिच्या मानेवर काटा आला. हुतात्मा झालेल्या वैद्याचा तरुण दाढीविरहित चेहरा, एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा चमचा. डाव्या खालच्या कोपऱ्यात घेवड्याच्या दाण्याएवढा काळा डाग. कधीकाळी मेणबत्ती कलंडून पडलेला.

ती उठून बोळात गेली. अनवाणी, पण तरी धावत, आणि खालून लगेच दांड्याचे दोन ठोके आले. विजेच्या मीटरची पेटी आणि कोट अडकवायच्या खुंट्या यांच्या मधोमध लाकडी फळीवर रंगवलेले संत होते. चमचा होता. पेटी होती. तिनं मोबाइल त्यांच्या शेजारी धरला. इथे डाग, तिथे डाग. तिनं बोट लावलं. भिंतीवरच्या डागाला खळगा होता, बोटाचं टोक त्यात जरासं बसत होतं, आणि मोबाइलच्या काचेवर अर्थातच काहीच बसत नव्हतं. काच सगळ्यांना सारखीच गुळगुळीत. म्हणजे हे खरे, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तिच्या मनानं, ज्याला असल्या वेळी तिच्या बाजूनं उभं राहणं माहीतच नव्हतं, हळूच विचारलं: खळगा कुणालाही पाडता येतो. बापानं तीन वर्षांपूर्वी जे आणलं ते कशावरून खरं? संत जागेवरच राहिले असतील आणि लेकीची समजूत काढायला म्हाताऱ्यानं दुसरंच काही टॉवेलात गुंडाळून आणलं असेल. मग त्या काचेपलीकडे, त्या फेब्रुवारीत, तू नक्की कुणापुढे हात जोडलेस?

त्या फेब्रुवारीचं तिला सगळं आठवत होतं आणि क्रमानं काहीच आठवत नव्हतं. अकराशे ग्रॅम. हा आकडा कुणीतरी भाजी मोजल्यासारखा उच्चारला होता. काचेच्या पेटीत नळ्यांचं जाळं आणि जाळ्यात अडकलेलं काहीतरी लालसर, पक्ष्याचं घरट्यातून पडलेलं पिल्लू. तिसऱ्या दिवशी जरा वयस्क नर्स जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली होती, “बाई, नाव ठेवून घेऊ या का? पाद्री येईपर्यंत थांबायला नको.” असा मरणाच्या दारातला घाईचा बाप्तिस्मा देताना बाळाला हवेत तीनदा उचलायचं असतं, पाणी नसलं तरी चालतं, हवा पुरते. पण नळ्यांमुळे उचलणार कसं? नर्सनं हातमोजा घातलेला पंजा त्याच्या पाठीखाली सरकवला आणि बोटभर उचललं. एकदा, दोनदा, तीनदा. बोटभर हवा. “नाव?” आणि आर्गिरोच्या तोंडून गेलं, पांदेलिस, संतांचंच नाव. खरं तर ठरलेलं नाव होतं थ्रासिवुलोस, सासऱ्यांचं, कारण पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव हे इथे जन्माच्या आधीच लिहिलेलं असतं. पण एवढ्याशा हवेत एवढं जड नाव मावलं नसतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि शिवाय काचेच्या दाराबाहेर, कॉरिडॉरमधल्या खिडकीच्या कट्ट्यावर, आईच्या जुन्या निळ्या टॉवेलात टेकवून ठेवलेले संत होते. तिचे वडील सात तास बोटीतून ते मांडीवर घेऊन आले होते. आत न्यायला परवानगी नव्हती. म्हणून ते खिडकीत, आणि संध्याकाळी दिवे लागले की पेटीच्या काचेवर त्यांचं प्रतिबिंब पडायचं, बरोबर बाळाच्या छातीवर, चमच्यासकट.

ती शिकलेली होती. विद्यापीठात तिनं जीवशास्त्र केलं होतं, फुफ्फुसं कधी पिकतात आणि कशानं पिकतात हे तिला पाठ होतं. तरीही.

आणि तो तरीही हाच सगळा घोटाळा होता. कारण अल्मिराचा नियम साधा होता, शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला. तसबीर कुणाच्या मालकीची नाही. जुलैतल्या जत्रेला ज्याला मान हवा तो ती उचलून घरी नेतो, वर्षभर तिच्यापुढे दिवा लावतो, आणि पुढल्या वर्षी सव्वीस जुलैच्या संध्याकाळी होडीतून परत आणतो. त्या संध्याकाळी आलेल्या-गेलेल्या सगळ्यांना मातीच्या हंड्यात शिजलेले चणे त्यानंच वाढायचे. ज्याच्या घरी तसबीर, त्याच्या घरचे चणे. मग पुढचा मानकरी उचलतो. त्या वर्षी मान वडिलांकडे होता म्हणून तर त्यांना ती आणता आली. जुलैत परत न्यायची, एवढंच बोलणं झालं होतं. पहिल्या जुलैत डॉक्टर म्हणाले, गर्दी नको. दुसऱ्या जुलैत पोराला आठवडाभर आधी ताप आला. आणि तिसऱ्या जुलैत, म्हणजे गेल्या वर्षी, काहीच झालं नाही. ना ताप, ना डॉक्टर. तिनं बॅग भरली होती, खुर्चीवर चढून तसबीर खिळ्यावरून अर्धी उचललीसुद्धा होती, आणि आत पांदेलिस खोकला. एकच खोकला, बिस्किटाचा. तिनं तसबीर होती तशी टांगली आणि लेफ्तेरिसला सांगितलं की तिला बोट लागते, या वर्षी राहू दे.

मोबाइल हातात थरथरला. लेफ्तेरिस.

“पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग! तुझंच बेट! मी म्हटलं, बायको दरवर्षी जुलै आला की गप्प होते, एकदा घेऊनच जाऊ. हो म्हणू?”

“लेफ्तेरी, चौदावा फोटो बघ.”

“मी गच्चीवर आहे गं, उन्हात काय दिसतंय? काय आहे, तलाव?”

“आपल्या घरातले संत आहेत. दर गुरुवारी. पाहुण्यांसाठी.”

पलीकडे पक्कड खाली पडल्याचा आवाज आला. “मग चांगलंय की,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला तो निष्पाप, घामेजलेला आनंद ऐकून तिला त्याला गच्चीवरून ढकलावंसं वाटलं. “पोराला दाखवता येईल. एरवी तिथे शिरायला आता गेट आहे म्हणे. पाहुणे असलो की मनगटाला पट्टा बांधतात, मग कुठेही फिरा.”

“माझ्या चर्चमध्ये मी पट्टा बांधून जाऊ?”

“आर्गिरो, गुरं नाहीत आपण, कागदी पट्टा असतो. सहाच्या आत सांग, हं?”

गुरं नाहीत आपण. ती स्वयंपाकघरात परत आली आणि संताप कुठे ठेवावा ते न कळून तिनं तो भांड्यांवर काढला; धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. गुरांनासुद्धा अल्मिरात कुणी अडवत नसे. लहानपणी त्या खाडीत बकऱ्या समुद्रापर्यंत यायच्या आणि खारट दगड चाटायच्या. जमीन चुलत भावांनी विकली, ठीक आहे, त्यांची होती. चर्च मात्र कुणी विकलं नव्हतं, विकता येतही नव्हतं, तरी त्याच्या चारी बाजूंची जमीन गेली की ते आपोआप कुणाच्यातरी अंगणात जाऊन उभं राहतं, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि दर गुरुवारी! वर्षातून एकदा येणारी ती संध्याकाळ. त्या दिवशी मोटारवाल्या काकापासून वेड्या मानोलीपर्यंत सगळे एका बाकावर बसायचे. आई एप्रनला हात पुसत विचारायची, कुणाला मिळालं नाही? ती संध्याकाळ यांनी आठवड्याच्या कपडे धुण्यासारखी गुरुवारवर टाकली. संतांनी आठवड्याला एकदा हुतात्मा व्हायचं, सूर्यास्ताला, पेय समाविष्ट.

दाराला किल्ली लागली. सासूबाई बेल वाजवत नसत; मुलाच्या घराची किल्ली आपल्याकडे असणं त्यांना श्वास घेण्याइतकं साहजिक वाटायचं. एवान्थियाबाई, सत्तरीच्या, एपिरसच्या डोंगरातल्या, हातात आर्टिचोकच्या भाजीचं पातेलं.

“झोपेच्या वेळी घोडे कसले पळवतेस? आणि भांडी कसली आपटतेस? पोर उठेल.”

“आई, हे बघा.” तिनं मोबाइल पुढे केला. इतका संताप एकटीला पेलवत नव्हता.

एवान्थियाबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, फोटो बघितला, मग मान वळवून बोळाकडे बघितलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. “अस्सं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बेटावर खोल्या भाड्यानं देतात ऐकलं होतं. संतही देतात होय?”

“मी नाही दिले!”

“तू नाही दिलेस. तू आणलेस.” त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं. “जागा रिकामी ठेवली की कुणीतरी बसतं बाई. बसमध्येसुद्धा.”

“तुम्हाला नाव आवडलं नाही म्हणून तुम्ही अजून...”

“नावाचं सोड. माझा थ्रासिवुलोस थडग्यात स्वस्थ आहे, त्याला जिवंतपणीसुद्धा त्या नावानं हाक मारलेली खपायची नाही.” त्या खुर्चीवर टेकल्या. नंतरचं बोलणं त्यांनी आर्टिचोककडे बघत केलं, जणू त्यालाच सांगत होत्या. “आमच्याकडे डोंगरात पाहुणा आला की तीन दिवस ठेवतात. चौथ्या दिवशी त्याच्या खुरजीत पाव आणि चीज भरतात. हाकलायला नाही. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असतं म्हणून. तू याला तीन वर्षं मीटरच्या पेटीशेजारी टांगलंस. मी बोलले का? नाही बोलले. तुझा जीव पोरात अडकलेला. पण आता त्या लोकांवर कशाला जळतेस? त्यांनी नक्कल लावली. अस्सल कुणी दडवलं?”

आर्गिरोला वाटलं, आता आपण ओरडणार. पण ओरडणं छातीपर्यंत आलं आणि तिथेच एखाद्या मोठ्या माशासारखं वळून परत खाली गेलं. तिनं नळ बंद केला. ती गॅलरीत गेली, पडद्याच्या आड, आणि झोपेच्या तासांत कुणाला फोन करू नये हा नियम मोडून तिनं वडिलांना फोन लावला.

स्तामातिस लगेच उचलत. बायको गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, ते दुपारचे झोपत नव्हते.

“काय गं? पोर बरंय?”

“बाबा, आपली तसबीर खरी आहे ना?”

“कुठली?”

“कुठली म्हणजे? दोन आहेत का?”

समुद्राचा आवाज आला, नाहीतर फोनचाच असेल. “तुझ्याकडची खरी,” ते म्हणाले. “सात तास मांडीवर होती, तिचा वास मला कळत नाही का? जळक्या तेलाचा. ही इथली, हिला प्लास्टिकचा वास येतो. रिसॉर्ट सुरू झालं तेव्हा त्यांची माणसं आली. म्हणाली, काका, ठोकळा रिकामा आहे, बरं दिसत नाही. मलाही ते बघवत नव्हतं, पोरी. आधी एक वर्ष गेलं, चर्चमध्ये जायचं, दिवा लावायचा, आणि दिवा कशापुढे तर लाकडापुढे. म्हटलं, लावा. एक फोटो होता माझ्याकडे, तो दिला.”

“आणि दर गुरुवारी तुम्ही तिथे असता?”

“असतो. दार उघडायला कुणीतरी हवंच ना. मला बंडी दिली आहे, लाल, कमरेला बांधायला पट्टी. आपल्या गावात अशी बंडी माझ्या आजोबांनीसुद्धा घातली नव्हती. दिव्यात तेल घातलं की ते टाळ्या वाजवतात.”

“टाळ्या?”

“टाळ्या. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या पाठीमागे काहीतरी झालं. वळून बघितलं.” ते हसले. “माणसं वाईट नाहीत गं. मला मनगटाचा पट्टासुद्धा दिलाय, गेटवरचा पोरगा अडवत नाही. निळा. नोकरमाणसांचा करडा असतो, माझा निळा आहे.”

तिला ते दिसलं. ज्या मनगटानं जाळं ओढलं, ज्या मनगटाला धरून ती पोहायला शिकली, त्या मनगटावर निळा कागद. आणि तो निळा असल्याचं समाधान. रस्त्यावर खाली एक स्कूटर झोपेचे तास तुडवत गेली, आणि आर्गिरोला त्या स्कूटरवाल्याचा, गेटवरच्या पोराचा, टाळ्या वाजवणाऱ्या गवती हॅटचा, चुलत भावांचा, उन्हात हसरे चेहरे पाठवणाऱ्या नवऱ्याचा असा एकत्र राग आला की डोळ्यांपुढे पडद्याचा हिरवा रंग काळा झाला.

“बाबा, तुम्ही मला का नाही म्हणालात? आण म्हणून? तीन वर्षं!”

“कसं म्हणू?” त्यांचा आवाज लहान झाला. “तू फोन केलास की आधी फोन पोराच्या छातीला लावायचीस. ऐका बाबा, म्हणायचीस, श्वास नीट आहे ना? मी ऐकायचो. मग त्यावर, तसबीर परत दे, असं कसं म्हणू?”

खरंच ती तसं करायची. अजूनही करत होती, अधूनमधून.

“कुठला फोटो दिलात त्यांना?” तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

“तुझी आई मानकरी होती त्या वर्षीचा. होडीतून उतरताना तिनं हातात धरलेली. तूच काढला होतास, अकरा वर्षांची होतीस, काकाच्या कॅमेऱ्यानं. त्यांनी बाकीचं कापून मोठं केलं.”

फोन कानाशी तसाच ठेवून ती आत आली, सासूबाईंचा फोन न विचारता टेबलावरून उचलला, त्यात तो चौदावा फोटो शोधला आणि दोन बोटांनी मोठा केला. गवती हॅट बाजूला सरकली. वाइनचा ग्लास सरकला. तसबिरीची उजवी कड आली. तिथे, चमच्याच्या दांड्याच्या जवळ, मघाशी तिला उजेडाचा वाटलेला गुलाबीसर ठिपका होता. आणखी मोठा केला. तो ठिपका नव्हता. तो अंगठा होता. अर्धाच, कडेला कापलेला, पण नख स्पष्ट होतं, आणि नखावरची उभी चीर स्पष्ट होती. ऑक्टोपस ठेचताना दगड लागून पडलेली ती चीर नखाबरोबर वाढायची आणि पुन्हा तिथेच यायची, आई मरेपर्यंत. केस विंचरताना ती चीर आर्गिरोच्या केसांत अडकायची. आई गं, हळू! आणि आई म्हणायची, नख माझं आहे, केस तुझे आहेत, भांडण त्यांचं त्यांना मिटवू दे.

दर गुरुवारी. सूर्यास्ताला. तिच्या आईचा अंगठा.

“काय झालं?” एवान्थियाबाई उठून आल्या, वाकून बघायला लागल्या. “हे काय, बोट?”

“माझी आई,” आर्गिरो म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा काढला, एप्रनला पुसला, पुन्हा लावला, आणि क्रॉसची खूण करण्यासाठी हात कपाळाशी नेला. मग फोनच्या काचेपुढे क्रॉस करावा की नाही ते न ठरून तो तसाच खाली आणला.

आर्गिरोला रडू आलं नाही. तिला नवल वाटलं ते संताप गेला नाही याचं. गेला नव्हता, फक्त इतका वेळ जो चहूकडे फुटत होता तो एका जागी उभा राहिला होता. आई तिथे एकटी तसबीर धरून उभी होती. दोन वर्षं. मानकरीण आली नाही म्हणून मानकरणीची आई उभी. नकलेतल्या तसबिरीलासुद्धा धरायला कुणीतरी लागतंच, आणि जिनं धरायची ती इथे मीटरच्या पेटीशेजारी श्वास मोजत बसली होती.

“बाबा, होडी चालते?”

“तळाला रंग हवा. का?”

“रंग द्या. मी जुलैत येते. बोटीनं बंदरापर्यंत, तिथून तुमच्या होडीतून. गेटातून नाही.”

मग ते म्हणाले, “पट्ट्याचं काय करू?”

“काढा.”

“तो निघत नाही, कात्रीनं कापावा लागतो.”

“मग कापा, बाबा.”

साडेपाच वाजले, आणि सगळ्या इमारतीनं एकदम पडदे वर केले, कुठेतरी रेडिओ लागला. आर्गिरोनं रिसॉर्टचा नंबर फिरवला. आधी इंग्रजी, मग जर्मन, मग सगळ्यात शेवटी आपली भाषा. तरुण मुलीचा इस्त्री केलेला आवाज.

“आपण सवलतीच्या खोलीसाठी बोलत आहात का, मॅडम? सहापर्यंत...”

“मला खोली नको आहे. सव्वीस जुलैला संध्याकाळी मला चर्च हवं आहे.”

“सव्वीसला रविवार आहे मॅडम. आमची जत्रा गुरुवारी असते.”

“तुमची असेल. संतांची सव्वीसला असते.”

“मॅडम, पाहुण्यांखेरीज गेटातून कुणाला...”

“गेट तुम्हालाच लखलाभ. मी समुद्रातून येणार आहे. वाळू अजून कुणाच्या बापाची झालेली नाही, हे तुमच्या मॅनेजरलाही माहीत असेल. त्याला सांगा, ठोकळ्यावर जे प्लास्टिक ठेवलंय ते त्या दिवशी नीट काढून ठेवायचं. नीट म्हणजे नीट. मोडायचं नाही, फेकायचं नाही. ते मला घरी न्यायचं आहे.”

मग त्या आवाजावरची इस्त्री मोडली, आणि आतून अल्मिराचे लांबट, ओढलेले स्वर बाहेर आले. “तुम्ही स्तामातिसकाकांची आर्गिरो का?”

“तू कोण?”

“मी सोफुलाची धाकटी. आई इथेच असते, चादरी धुते. ताई, संत तुमच्याकडे आहेत ना? म्हणजे बरे आहेत ना? आई दर जुलैत विचारते. सगळ्याच विचारतात, खाली धुण्याच्या खोलीत.”

“बरे आहेत,” आर्गिरो म्हणाली, आणि तिला कळलं की हे कुणी तिला विचारेल अशी तिनं कधी कल्पनाच केली नव्हती. तिला वाटायचं, विचारायचं ते फक्त पोराबद्दल. “आईला सांग, मोठे हंडे कुणाकडे असतील ते बघून ठेव. चणे मी आणते.”

“आम्हाला येऊ देतील का कामावरून?”

“तुम्ही वाळूवर या. मी वाळूवर वाढीन.”

“किती जणांचे भिजवायचे?”

तिला आईचं ‘कुणाला मिळालं नाही?’ हे वाक्य आठवलं, पण ते शेवटी म्हणायचं असतं, सुरुवातीला नाही. “येतील तेवढ्यांचे,” ती म्हणाली. “टाळ्या वाजवणाऱ्यांना भूक लागली तर त्यांनाही.”

फोन ठेवला तेव्हा एवान्थियाबाई आर्टिचोकचं पातेलं उगाच इकडचं तिकडे करत होत्या. “तुमच्याकडे चणे निवडतात कसे?” त्यांनी विचारलं. “दाणा दाणा, की सुपात पाखडून?”

“दाणा दाणा.”

“मग तुझ्यानं एकटीनं व्हायचं नाही. मला समुद्र आवडत नाही, आधीच सांगते. मी पाठ करून बसेन.” आणि त्या बोळात गेल्या, खुंटीवरचे कोट बाजूला सारले आणि संतांच्या खाली खुर्ची आणून ठेवली. जरा जोरातच ठेवली. “उगाच जुलैपर्यंत वाट कशाला बघतेस? तेव्हाही तू खुर्चीवर चढशील आणि पोर खोकेल. आज उतरव. टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात ठेव. मला तुझ्याएवढं ऐकू येत नाही.”

आर्गिरो खुर्चीवर चढली. वरून घर निराळं दिसत होतं: मीटरवरची धूळ, आतल्या खोलीच्या दाराची फट, फटीतून पलंगाची कड, आणि पलंगावरून खाली लोंबणारा एक पाय. तिनं दोन्ही हातांनी तसबीर धरली. जळक्या तेलाचा वास आला, अगदी फिका. खिळ्यावरून ती सुटली तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती. भिंतीवर एक स्वच्छ, पिवळट चौकोन उरला.

आणि आत पांदेलिस खोकला.

एकदा. मग पुन्हा एकदा. तिचे हात आपोआप वर उठले. खिळा समोर होता, वीतभर अंतरावर. खाली एवान्थियाबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि वर बघितलं नाही.

“आई,” आतून झोपाळू, तक्रारीचा आवाज आला, “पाणी!”

हात तसेच होते. खिळा तसाच होता. “आले,” ती म्हणाली, आणि तसबीर काखेत मारून खुर्चीवरून उतरली. मोकळ्या हातानं तिनं नळाखाली पेला धरला, आत गेली, पलंगाच्या कडेवर बसली. पांदेलिस दोन्ही हातांनी पेला धरून गटागट प्यायला. पिता पिता त्याची नजर तिच्या काखेतल्या फळीवर गेली. त्यानं पेला तोंडापासून काढला. पाण्याची मिशी तशीच.

“चमचेवाले काका कुठे चालले?”

“घरी,” ती म्हणाली. “आपण पोचवायला जायचंय.”

त्यानं यावर विचार केला. मग पेल्यात उरलेलं घोटभर पाणी वाया घालवायचं नाही म्हणून तो पुढे सरकला आणि पेला हळूच संतांच्या रंगवलेल्या ओठांना लावला. पाणी चमच्यावरून, औषधाच्या पेटीवरून, जळक्या डागावरून ओघळत तिच्या अंगठ्यावर आलं. तिनं तसबीर कडेनं धरली होती, घट्ट, अंगठा वर ठेवून, आणि तिला तो अंगठा हलवावासा वाटला नाही.